फ्रेंच शिकायला फ्रान्सला जायचंय? आखणी अशी करा

फ्रेंचचे एक-दोन स्तर पार पडले की वाटू लागतं, महिनाभर तिथेच जाऊन राहिलो तर जीभ सुटेल. वाटतं ते बरोबरच आहे, पण जीभ आपोआप सुटत नाही. सकाळी वर्गात बसायचं, दुपारी आपल्याच भाषेच्या मित्रमैत्रिणींबरोबर भटकायचं, रात्री खोलीत फोन घेऊन पडायचं, असे चार आठवडे काढून परतलेले बरेच विद्यार्थी मला भेटले आहेत. त्यांची फ्रेंच होती तिथेच असते आणि ‘मला भाषा जमतच नाही’ असं म्हणून ते स्वतःलाच बोल लावतात. त्यांच्यात काहीच कमी नसतं. त्यांची आखणी कच्ची राहिलेली असते.

मी या सगळ्यातून गेले आहे आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना तयारी करायला मदतही केली आहे. व्याकरण आणि शिक्षक हल्ली घरबसल्या मिळतात. तिथे जाऊन जास्तीचं मिळतं ते वर्ग सुटल्यानंतरच्या वेळेत: जेवणाच्या टेबलावर, बसथांब्यावर, औषधाच्या दुकानात. म्हणून शहर, महिना, घर, शाळा यांतलं काहीही ठरवताना एकच प्रश्न विचारा: यामुळे मला दिवसभरात जास्त फ्रेंच बोलावं लागेल, की कमी? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नावर उभ्या आहेत.

१. तारखा बघण्याआधी पातळी तपासा

युरोप परिषदेने २००१ मध्ये आखून दिलेल्या चौकटीत भाषेच्या ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत आणि फ्रान्समधल्या सगळ्या भाषाशाळा त्याच वापरतात. तुम्ही नेमके कुठे आहात हे आधी पक्कं करा. बहुतेक शाळांच्या संकेतस्थळांवर फुकट चाचणी असते. ती पुस्तक मिटून, एकट्याने द्या.

माझं मत विचाराल तर ए२ पूर्ण होईपर्यंत थांबा. अगदी सुरुवातीलाच गेलात तर आकडे, वेळ, वार आणि रस्ते विचारणं यांतच पहिले आठवडे संपतात, आणि हे सगळं घरी कितीतरी स्वस्तात शिकता येतं. ए२ झालेला माणूस मोडकी का होईना वाक्यं करतो, समोरच्याच्या बोलण्यातला निम्मा अर्थ पकडतो आणि उरलेला पुन्हा विचारतो. तेवढ्यावर संवाद सुरू होतो. बी१ च्या उंबरठ्यावर असाल तर फारच उत्तम, कारण त्या टप्प्यावर शब्द डोक्यात असतात आणि फक्त तोंडात यायचे राहिलेले असतात.

आता तासांचा हिशोब. ए२ वरून बी१ ला पोहोचायला साधारण १५० ते २०० तासांचं शिक्षण धरतात. आठवड्याला २० तासांचा कोर्स चार आठवडे केला तर होतात ८०. म्हणजे महिन्याभरात फार तर अर्धी पातळी. ‘चार आठवड्यांत पुढची पातळी’ असं कुणी सांगत असेल तर हा गुणाकार आठवा. वर्गाबाहेरचे तास जमेस धरले तर महिन्यात ऐकणं आणि बोलणं खूप सुधारतं, लिहिणं तेवढं नाही. दोन आठवड्यांत कान तयार होऊ लागतो आणि तेवढ्यात परत निघायची वेळ येते. सुट्टी दोनच आठवड्यांची असेल तर जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण मग फ्रेंच कुटुंबातच राहा आणि दुसऱ्या शहरात फिरायला जाणं टाळा.

निघण्याआधीच्या महिन्यांत रोज थोडं ऐका. आरएफआय या फ्रेंच रेडिओवर सोप्या फ्रेंचमध्ये दहा मिनिटांच्या बातम्या येतात, त्या फुकट ऐकता येतात आणि त्यांचा मजकूरही वाचायला मिळतो. टीव्ही५मोंद या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर पातळीनुसार सराव आहेत. स्वतःबद्दल, कामाबद्दल, घरच्यांबद्दल पाच-पाच मिनिटं न अडखळता बोलता येईल एवढी तयारी करून जा, कारण पहिल्या आठवड्यात हेच प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारणार आहे.

२. शहर: पॅरिस शेवटी बघा

बहुतेकांच्या मनात पहिलं नाव पॅरिसचं येतं. तिथे शिकण्याच्या सोयी उत्तम आहेत: फ्रेंच शिकवणाऱ्या अलियाँस फ्रान्सेज या संस्थेची सुरुवातच १८८३ मध्ये तिथे झाली आणि सोरबोन विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा कोर्स १९१९ पासून चालू आहे. पण राहण्याचा खर्च देशात सर्वांत जास्त, लोक घाईत, आणि तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीत बोलू लागतो. सराव नेमका तिथेच तुटतो.

मध्यम आकाराच्या शहरात तसं सहसा होत नाही. लुआर नदीकाठचं तूर हे सुमारे १ लाख ३५ हजार वस्तीचं विद्यापीठाचं शहर. तिथली भाषाशाळा, अँस्तित्यू द तुरेन, १९१२ पासून चालते. व्हिशी त्याहून लहान, सुमारे २५ हजार वस्तीचं. तिथलं कावीलाम हे भाषाकेंद्र १९६४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिकवत आलंय आणि सगळं पायी अंतरावर असल्यामुळे तीच माणसं रोज भेटतात. दुकानदार चौथ्या दिवशी ओळखू लागतो आणि मग बोलणं ‘किती झाले’ याच्या पुढे सरकतं. पूर्वेकडच्या बेझान्सोंमध्ये विद्यापीठाचं भाषाकेंद्र १९५८ पासून आहे. आंजे, रेन, ग्रनोबल, मॉंपेलिए याही विद्यापीठांच्या नगरी, तरुण वस्ती भरपूर. समुद्राच्या ओढीने नीस किंवा आंतीब निवडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की उन्हाळ्यात तिथे पर्यटकांची गर्दी असते आणि रस्त्यावर फ्रेंचपेक्षा इतर भाषाच जास्त कानावर पडतात.

तूरची फ्रेंच सर्वांत शुद्ध, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्यावरून निर्णय घेऊ नका. दक्षिणेत शब्दाच्या शेवटचे स्वर जरा ठसठशीत उच्चारतात, नाकातल्या स्वरांचा सूर वेगळा लागतो, पण आठवडाभरात कान सरावतो. शिक्षक सगळीकडे प्रमाण फ्रेंचच बोलतात.

फ्रान्सबाहेरचे पर्यायही विचारात घेण्यासारखे आहेत. बेल्जियममधलं लिएज पूर्ण फ्रेंचभाषक आहे, ब्रुसेल्स मात्र दुभाषी. स्वित्झर्लंडमधली लोझान आणि नशातेल शहरं सुंदर, खर्च मात्र भारी. कॅनडातल्या केबेक सिटीत रस्त्यावर सगळीकडे फ्रेंच ऐकू येते, उच्चार मात्र फ्रान्सपेक्षा बरेच निराळे. सहा महिन्यांपर्यंतच्या कोर्ससाठी कॅनडात शिक्षण परवाना लागत नाही, प्रवेशाचा व्हिसा लागतो. पुढची माहिती मी फ्रान्सपुरती ठेवते.

३. शाळा पारखून घ्या

फ्रान्समध्ये परदेशी लोकांना फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थांसाठी ‘कालिते एफएलई’ नावाचं सरकारी मानांकन आहे (एफएलई म्हणजे परकी भाषा म्हणून फ्रेंच). ते २००७ मध्ये सुरू झालं. तपासनीस प्रत्यक्ष जाऊन पाच बाबी बघतात: अभ्यासक्रम, शिक्षक, विद्यार्थ्यांची देखभाल, इमारत आणि साधनं, व्यवस्थापन. प्रत्येक बाबीला जास्तीत जास्त तीन तारे. संस्थांची यादी सर्वांसाठी खुली आहे. तुमच्या मनातली शाळा तिथे आहे का, आणि शिक्षक व देखभाल या दोन बाबींत किती तारे आहेत, हे बघा. इमारतीचा एखादा तारा कमी असला तर बिघडत नाही.

भाषाशाळा दोन प्रकारच्या. विद्यापीठाशी जोडलेली केंद्रं सत्रानुसार चालतात, फी तासाच्या मानाने कमी असते, लिखाणावर भर असतो आणि वर्ग जरा मोठे असतात. खासगी शाळांमध्ये बहुधा दर सोमवारी प्रवेश मिळतो, वर्ग लहान असतात, फी जास्त. चार-सहा आठवड्यांसाठी खासगी शाळा सोयीची. एक-दोन सत्रं राहायचं असेल तर विद्यापीठाचं केंद्र घ्या, तिथे फ्रेंच विद्यार्थ्यांच्या आवारात तुमचा वावर राहतो.

पैसे भरण्याआधी शाळेला ईमेलवर हे विचारा, आणि जमेल तर फ्रेंचमध्येच लिहा:

- वर्गात जास्तीत जास्त किती विद्यार्थी?
- एक ‘तास’ म्हणजे ६० मिनिटं की ४५? आठवड्याला २० आणि २६ धड्यांची तुलना यावरून पार बदलते.
- त्या महिन्यात माझ्या पातळीचा वर्ग नक्की भरतो का? बी२ च्या वर वर्ग रिकामे राहतात आणि मग दोन पातळ्या एकत्र करतात.
- माझ्या भाषेचे किंवा देशाचे किती विद्यार्थी अपेक्षित आहेत?
- सार्वजनिक सुट्टीला वर्ग बुडाला तर तो भरून मिळतो का?
- व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे परत मिळतात, आणि किती दिवसांत?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. नोंदणी शुल्क बहुतेक शाळा ठेवून घेतात, कोर्सची फी नकारपत्र दाखवल्यावर परत करतात. हे नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती शाळा सोडा.

आठवड्याला ३० तासांच्या कोर्सचा मोह होतो. पैसे वसूल होतील असं वाटतं. मी २० च्या आसपासच सुचवेन. सकाळचे चार तास मन लावून शिकल्यावर डोकं थकतं, आणि दुपारही वर्गात गेली तर सकाळी शिकलेलं वापरायला दिवसच उरत नाही.

४. राहायचं कुठे: हा निर्णय सर्वांत मोठा

शाळेच्या निवडीवर लोक महिना घालवतात आणि राहण्याचं शेवटच्या घटकेला उरकतात. माझ्या अनुभवात उलटं करायला हवं. शिक्षक तुमच्याशी दिवसाचे चार तास बोलतो, तेही दहा जणांत वाटून. घरातली माणसं संध्याकाळभर फक्त तुमच्याशी बोलू शकतात.

म्हणून पहिल्या मुक्कामासाठी माझी शिफारस यजमान कुटुंबाची. शाळाच ही सोय करून देते. त्यात ‘दमी-पाँसिओं’ म्हणजे सकाळची न्याहारी आणि रात्रीचं जेवण घ्या. पैसे वाचवायला फक्त न्याहारी घेणारे बरेच असतात, पण रात्रीचं जेवण हाच खरा वर्ग आहे. फ्रेंच घरात जेवण सावकाश चालतं, टेबलावर सगळ्यांनी मिळून बसायचं असतं आणि गप्पा हा जेवणाचाच भाग समजला जातो. दिवसभरात काय केलंत हे भूतकाळात सांगावं लागतं, उद्याचं भविष्यकाळात. पुस्तकातले काळ पक्के करायची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

मात्र कुटुंब म्हटलं की सगळी सारखी नसतात. काही घरांत एकटी राहणारी निवृत्त बाई असते आणि तिला बोलायला खरोखर माणूस हवं असतं. अशा घरी माझी भाषा सर्वांत झपाट्याने सुधारली. काही घरांत लहान मुलं असतात, तिथे गलका असतो पण मुलं न कंटाळता चुका दुरुस्त करतात. आणि काही घरांत एकाच वेळी तीन-चार विद्यार्थी ठेवतात, तिथे टेबलावरची भाषा हळूहळू इंग्रजी होते. शाळेला आधीच कळवा: त्या काळात घरात माझी किंवा इंग्रजी भाषा बोलणारा दुसरा विद्यार्थी नको. ही मागणी रास्त आहे, शाळांना तिची सवय असते.

खाण्याबद्दल गुळमुळीत लिहू नका. ‘शाकाहारी’ एवढंच लिहिलं तर मासे वाढले जाण्याची शक्यता असते. मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, मांसाचा रस्सा नको, अंडी चालतात की नाही, दूध-चीज चालतं की नाही, असं एकेक लिहा. धूम्रपान, कुत्रा-मांजर, कसली अ‍ॅलर्जी, हेही त्याच ईमेलमध्ये. घर शाळेपासून किती मिनिटांवर आहे आणि शेवटची बस किती वाजता, हे नक्की विचारा. लहान शहरांत रात्री आणि रविवारी बस फार कमी असतात.

तीन महिन्यांहून जास्त राहणार असाल तर पहिला महिना कुटुंबात आणि मग फ्रेंच तरुणांबरोबर भाड्याच्या घरात, हा क्रम चांगला. फ्रेंच कायद्यात २०१८ पासून ‘बाय मोबिलिते’ नावाचा भाडेकरार आहे: सामानासह घर, मुदत १ ते १० महिने, विद्यार्थ्यांना घेता येतो आणि घरमालकाला अनामत मागता येत नाही. सामानासह घराच्या नेहमीच्या करारात अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढी असते. घरमालक हमीदार मागतो. ‘व्हिसाल’ ही फुकट मिळणारी हमी ३० वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी आहे, तिचा अर्ज ऑनलाइन, करारावर सही करण्याआधी करायचा असतो.

घर बघण्याआधी पैसे पाठवा म्हणणाऱ्याला उत्तरच देऊ नका. फोटो सुंदर, भाडं कमी, मालक ‘सध्या परदेशात’ आणि पैसे मात्र आजच हवेत: फसवणुकीची गोष्ट प्रत्येक वेळी हीच असते.

५. महिना निवडताना

ऑगस्टमध्ये फ्रेंच लोक स्वतः सुट्टीवर जातात. लहान दुकानं आठवडेच्या आठवडे बंद, चांगली यजमान कुटुंबं बाहेरगावी, आणि शाळेत मात्र जगभरातल्या विद्यार्थ्यांची गर्दी. म्हणजे वर्ग भरलेला आणि शहर रिकामं. जमत असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा मार्च-एप्रिल धरा.

मे महिना हवेच्या दृष्टीने छान, पण सुट्ट्या मोजून घ्या: १ आणि ८ मे ठरलेल्या, शिवाय ईस्टरनुसार तारीख बदलणाऱ्या दोन ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या, असाँसिओं आणि पाँतकोतचा सोमवार. दोन आठवड्यांच्या कोर्समधले दोन-तीन दिवस त्यात जाऊ शकतात. १४ जुलै, १५ ऑगस्ट, १ आणि ११ नोव्हेंबर याही सुट्ट्याच.

दोन तारखा मुद्दाम साधाव्यात अशा आहेत. २१ जूनला गावोगावी रस्त्यांवर संगीत चालतं, आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी एरवी बंद असणाऱ्या ऐतिहासिक वास्तू लोकांसाठी उघडतात. तिथे माहिती सांगायला उभी असलेली स्थानिक माणसं भरभरून बोलतात, प्रश्न विचारले तर आणखी खुलतात.

६. व्हिसा: ९० दिवसांची रेघ

भारतीय पासपोर्टवर फ्रान्सला जायला व्हिसा लागतो. कोणता, ते मुक्कामावर ठरतं.

*९० दिवसांपर्यंत:* शेंगेन (एकच व्हिसा चालणारा युरोपातल्या देशांचा गट) अल्पमुदत व्हिसा, हेतू ‘शिक्षण’ असा स्पष्ट लिहायचा. अर्ज फ्रान्स-व्हिसाज या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, मग व्हिसा अर्ज केंद्रात जाऊन कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि किमान १५ दिवस आधी करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर संपतात, तेव्हा दोन-तीन महिने हाती ठेवा. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. या व्हिसावर नोकरी करता येत नाही.

इथे दिवसांचं गणित चुकतं. नियम असा की कोणत्याही १८० दिवसांत शेंगेन देशांमध्ये ९० पेक्षा जास्त दिवस राहायचं नाही, आणि येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. १२ आठवड्यांचा कोर्स म्हणजे ८४ दिवस, उरतात सहा. १३ आठवड्यांचा कोर्स ९१ दिवसांचा होतो आणि दीर्घ मुदतीत जातो. अलीकडे इटली किंवा जर्मनीला जाऊन आला असाल तर तेही दिवस यात धरा. आणि ‘आवडलं तर तिथेच मुदत वाढवू’ असा बेत करू नका. अल्पमुदतीचा व्हिसा तिथे बसून विद्यार्थी व्हिसात बदलून मिळत नाही, परत येऊन नव्याने अर्ज करावा लागतो.

*९० दिवसांहून जास्त:* विद्यार्थ्यांसाठीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा. आधी कँपस फ्रान्स या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या फ्रेंच सरकारी संस्थेच्या ‘एत्यूद आँ फ्रान्स’ पोर्टलवर खातं उघडून कागद चढवायचे, मग मुलाखत, मग व्हिसाचा अर्ज. मुलाखतीत विचारतात की भाषा का शिकताय आणि तिचा पुढे काय उपयोग. दोन वाक्यांत, आपल्या शिक्षणाशी किंवा कामाशी जोडून, सरळ उत्तर तयार ठेवा. हा व्हिसा निवास परवान्याच्या तोडीचा असेल तर फ्रान्सला पोहोचल्यापासून तीन महिन्यांत तो ऑनलाइन नोंदवावाच लागतो. ते राहून गेलं तर तुमचा तिथला मुक्कामच बेकायदा ठरतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात करून टाका. त्यावर वर्षाला ९६४ तासांपर्यंत काम करायची मुभा असते.

७. कागदपत्रांची यादी

अल्पमुदतीच्या अर्जासाठी हे गोळा करा. नेमकी यादी फ्रान्स-व्हिसाजवर तुमचा अर्ज भरल्यावर तयार होऊन मिळते, तीच अंतिम धरा.

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी. जुने पासपोर्टही बरोबर.
- शाळेचं प्रवेशपत्र: त्यावर कोर्सच्या तारखा, आठवड्याचे तास आणि फी भरल्याची नोंद असावी.
- राहण्याचा पुरावा: शाळेने कुटुंब ठरवून दिलं असेल तर शाळेचं पत्र. नातेवाइकाकडे किंवा मित्राकडे फुकट राहणार असाल तर त्याने आपल्या नगरपालिकेतून ‘अतेस्तासिओं दाक्य’, म्हणजे पाहुणा घरी ठेवत असल्याचं प्रमाणपत्र, घ्यायचं असतं. त्याला वेळ लागतो, आधीच सांगून ठेवा.
- विमा: किमान ३० हजार युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून, मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारा.
- पैशांचा पुरावा: हॉटेल ठरलेलं असेल तर दिवसाला ६५ युरो, नसेल तर १२० युरो, आणि अतेस्तासिओं दाक्य असेल तर ३२.५० युरो, हे फ्रान्सचे मापदंड आहेत. बँकेचे गेल्या काही महिन्यांचे उतारे जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम संशय निर्माण करते.
- परत येणार याचा पुरावा: रजेचं पत्र किंवा कॉलेजचं पत्र, येण्याजाण्याचं आरक्षण.
- फ्रेंच शिकत असल्याचे दाखले आणि एक पानाचं पत्र: का, कुठे, किती दिवस.

प्रत्येक कागदावरच्या तारखा एकमेकींशी जुळतात का, हे शेवटी एकदा शांतपणे तपासा. कोर्स ६ तारखेला सुरू, विमा ७ पासून, असली तफावत फार सहज राहून जाते.

८. पोहोचणं

विमान बहुधा पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरतं. पुढच्या गाडीचं स्थानक कोणतं ते तिकीट काढतानाच बघा, कारण पॅरिसमध्ये मोठी स्थानकं अनेक आहेत आणि एकमेकांपासून लांब. तूर, आंजे, रेनच्या गाड्या मोंपार्नासहून सुटतात, मॉंपेलिए, एक्स-आँ-प्रोव्हांस, नीसच्या गार द ल्योंहून, व्हिशीची बेर्सीहून. काही जलदगाड्या विमानतळाच्या स्थानकातूनच थेट सुटतात, सामान असताना त्या शोधणं फायद्याचं.

शहरांकडेही असाच घोळ. तूरच्या बऱ्याच जलदगाड्या शेजारच्या सँ-पिएर-दे-कोरला थांबतात, तिथून पाच मिनिटांची जोडगाडी असते. एक्स-आँ-प्रोव्हांस आणि बेझान्सों यांची जलदगाडीची स्थानकं शहरापासून बरीच बाहेर आहेत. शक्यतो शनिवारी पोहोचा. रविवारी रात्री उशिरा उतरून सोमवारी सकाळी पातळीची चाचणी दिलीत तर थकव्यामुळे खालच्या वर्गात टाकलं जाण्याची भीती असते.

तुम्ही १२ ते २७ वयाचे असाल आणि रेल्वेने फिरणार असाल तर सवलत कार्ड दोन-तीन प्रवासांतच वसूल होतं. पॅरिसमध्ये थांबलात तर ध्यानात घ्या की तिथला मेट्रो-बसचा आठवड्याचा नाव्हिगो पास सोमवार ते रविवार चालतो, घेतल्या दिवसापासून सात दिवस नाही.

तातडीच्या मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १५.

९. पहिला आठवडा, आणि वर्गाबाहेरचे तास

वर्ग सोपा किंवा अवघड वाटला तर बुधवारपर्यंत सांगा. शाळा वर्ग बदलून देतात, पण दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे वर्ग बसलेले असतात.

दुकानात, बसमध्ये, डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात शिरताच आधी ‘बाँझूर’ म्हणा, मग काम सांगा. ते न म्हणता थेट प्रश्न विचारला तर लोक तुटक उत्तर देतात, आणि नवख्या माणसाला वाटतं की आपली फ्रेंचच वाईट आहे. समोरचा इंग्रजीत वळला तर हसून म्हणा, ‘झाप्राँ ल फ्राँसे, ऑं प्यो कोंतिन्युए आँ फ्राँसे?’ मी फ्रेंच शिकतेय, आपण फ्रेंचमध्येच बोलू या का? नाही म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटला.

दुपारसाठी ठरलेला काहीतरी उपक्रम हवा. नुसतं भटकून बोलणं होत नाही. आठवडी बाजारात एकाच विक्रेत्याकडे वारंवार जा. नगरपालिकेच्या वाचनालयाला तिथे ‘मेदियातेक’ म्हणतात. तिथे परदेशी लोकांसाठी गप्पांचे गट चालतात का ते विचारा, आणि कार्ड कसं मिळतं तेही. गायनवृंद, पदभ्रमण गट, मातीकाम, पोहणं, जे घरी आवडतं तेच तिथे शोधा. फ्रान्समध्ये स्थानिक संस्थांचं जाळं दाट आहे आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला बहुतेक गावांत त्यांचा एकत्र मेळा भरतो. एक-दोन महिन्यांसाठी आलेल्यालाही अनेक संस्था आनंदाने घेतात. हातात काम असलं की बोलण्याचा संकोच कमी होतो, म्हणून नुसत्या गप्पांच्या कट्ट्यापेक्षा मला स्वयंसेवी काम जास्त उपयोगी वाटतं.

शाळेतल्या मित्रांशी पहिल्याच दिवशी ठरवा की आपसांत फ्रेंचच बोलायचं. दोघांची भाषा सारखी असली तर हे फार अवघड जातं, पण जे दोघं टिकवतात त्यांच्यात फरक दिसतो. घरच्यांना फोन रोज एका ठरावीक वेळी करा, दिवसभर संदेशांत राहू नका.

१०. परीक्षा द्यायची असेल तर

मुक्कामाच्या शेवटी डेल्फ ही फ्रेंचची सरकारी परीक्षा द्यावी असं अनेकांना वाटतं. ए१ ते बी२ ला डेल्फ, सी१ आणि सी२ ला डाल्फ. दोन्हींची प्रमाणपत्रं आयुष्यभर चालतात. डेल्फमध्ये चार भाग, प्रत्येकी २५ गुण, उत्तीर्ण व्हायला एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. टीसीएफ ही वेगळी चाचणी, तिचा निकाल दोन वर्षंच वैध. कॅनडात स्थायिक होण्यासाठी हवं असेल तर डेल्फ चालत नाही, टीसीएफ किंवा टीईएफची कॅनडासाठीची आवृत्ती द्यावी लागते. कशासाठी हवंय ते आधी ठरवा.

परीक्षेच्या तारखा ठरावीक असतात आणि नावनोंदणी कित्येक आठवडे आधी बंद होते, म्हणून कोर्सची तारीख ठरवतानाच हे बघा. मुक्काम महिन्याचा असेल तर परीक्षा परत आल्यावर द्या, म्हणजे तिथली संध्याकाळ जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्यात जाणार नाही.

तिथेच देणार असाल तर निकाल आणि मूळ प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवा. निकालाचं तात्पुरतं पत्र काही आठवड्यांत मिळतं, मूळ प्रमाणपत्राला कित्येक महिने लागू शकतात. परीक्षा केंद्र ते परदेशात टपालाने पाठवतं का, खर्च कोणाचा, की कुणाला अधिकारपत्र देऊन ते घ्यायला पाठवायचं, हे निघण्याआधी कार्यालयात विचारून त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या. उमेदवार क्रमांकाचा कागद जपून ठेवा, पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकावर होतो.